नऊ नियमांचा तक्ता

सुताराची थोरली मुलगी सोळाव्या वर्षीच चर्चच्या मंडळीत नावाजली गेली होती, ती तिच्या काटेकोरपणामुळे. तरुण संघातल्या मुली पाठीमागे तिला 'मोजपट्टी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

त्या वर्षी तिने संघासाठी नऊ नियम काढले. पहाटे पाचपासून तासभर गुडघ्यांवर प्रार्थना. शुक्रवारी पाण्याखेरीज काही नाही. उपासनेला फक्त पांढरे कपडे. असे नऊ. प्लायवुडच्या तुकड्यावर तक्ता आखून तिने तो संघाच्या खोलीत लावला. नियम पाळला की आपल्या नावापुढे खूण करायची; मोडणारी मागच्या बाकावर. संघ चालवणारे चष्म्याचे दुकानदार, सगळ्यांचे चष्मेकाका, नुसतं "बघू" म्हणाले.

सगळ्यात भरगच्च खुणा तिच्या मैत्रिणीच्या, म्हणजे लाँड्रीवालीच्या मुलीच्या होत्या.

एका पहाटे लाँड्रीतल्या टेबलाचा पाय बसवायला वडिलांबरोबर मोजपट्टीही गेली, आपला तास चारलाच उरकून. सव्वापाच वाजले होते. मैत्रीण घामाघूम होऊन चादरींना इस्त्री करत होती. रोजच करते, असं तिची आई कौतुकाने म्हणाली.

रविवारी मोजपट्टीने सगळ्यांसमोर सांगितलं, "हिने दोन महिने खोट्या खुणा केल्यात."

मैत्रिणीने गीतांचं पुस्तक बाकावर ठेवलं आणि ती निघून गेली. पुढच्या रविवारी आलीच नाही.

चष्मेकाकांनी मोजपट्टीला दुकानात बोलावलं. एका चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवत ते म्हणाले, "खोटं लिहिलं, ते चूकच. पण पाचचा तास देवाने कुठं सांगितलाय? तेवढं शोधून आण."

सलग चार दिवस संध्याकाळी ती पवित्र शास्त्र घेऊन बसली. पाचव्या दिवशी दुकानात आली, तेव्हा चेहरा उतरला होता.

"प्रार्थना आहे, उपवास आहे. पण उपवास लोकांना न दाखवता करायला सांगितलाय."

"आणि पांढरे कपडे? मागचा बाक?"

"ते माझं आहे, काका."

"मग त्या खोलीत आपण कुणाला खूश करत होतो?"

तिला रडू फुटलं. ते पश्चात्तापापेक्षा अपमानाचं जास्त होतं, हे तिलाही कळत होतं.

"चूक माझीही," काका म्हणाले. "पोरी वेळेवर यायला लागल्या म्हणून मी मूग गिळून बसलो. देवाने सांगितलेलं झेपत नाही म्हणून आपण आपल्या सोयीचं काहीतरी काढतो आणि त्यालाच भक्ती म्हणतो. तू इथून आता कुठं जायचंस, ते मी सांगायला नको."

ती थेट लाँड्रीत गेली. मैत्रिणीने इस्त्री थांबवली नाही.

"आता काय मोजायला आलीस?"

"माफी मागायला आले."

मैत्रिणीने चादर उलटून पसरली.

"खोट्या खुणा करताना मला रोज टोचायचं," मैत्रीण म्हणाली. "पण मागच्या बाकाची लाज त्याहून मोठी वाटली."

"पहाटे तू प्रार्थना करतच नव्हतीस का?"

"करते की. इस्त्री फिरवता फिरवता. आईची पाठ धरते, तिच्यासाठी. दोन वाक्यांची असते. ती तुझ्या तक्त्यात कुठं लिहू?"

मोजपट्टीला आपला तास आठवला. त्यातला निम्मा ती घड्याळाकडे बघत असे, आणि आज कोण उठलं नसेल याचा विचार करत असे. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मैत्रिणीला सांगितलं. मग चादरीचं दुसरं टोक धरून घड्या घालायला लागली. पहिल्या तीन वाकड्या झाल्या. मैत्रिणीने त्या पुन्हा घातल्या.

रविवारी तक्ता उतरवून मोजपट्टी संघासमोर उभी राहिली. "हे नियम मी काढले आणि देवाच्या नावावर खपवले," ती म्हणाली. दोघी-तिघींना ते रुचलं नाही. खुणा करायला सोपं होतं, असं एकीने बोलूनही दाखवलं.

मैत्रीण आली ती आणखी एका आठवड्याने, आणि दाराजवळ बसली. प्रार्थनेची वेळ झाली तशी मोजपट्टी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली आणि हलकेच म्हणाली, "तुझ्या आईच्या पाठीसाठी मी प्रार्थना केली तर चालेल?"

मैत्रीण थोडी सरकली आणि डोळे मिटून म्हणाली, "कर."