टेकडीची भर

वारा वाढत चालला होता आणि सकाळी नोंदवलेला हवेच्या दाबाचा आकडा मात्र गुणी मुलासारखा कालच्याच जागेवर बसून होता. हवामान केंद्रातल्या बाईंना हे काही केल्या पटेना. वारा काही उगाच सुटत नाही. कुठेतरी समुद्र तापतो, त्यावरची हवा हलकी होऊन वर चढते, खाली दाब घटतो आणि आजूबाजूची हवा तिकडे धाव घेते. खिडक्यांची तावदानं एवढी वाजताहेत म्हणजे जवळपास दाब घटलेलाच असणार.

सकाळी नवऱ्याने होडी काढण्याआधी नेहमीसारखं विचारलं होतं. "दाब चांगला आहे, खुशाल जा," असं त्याच सांगून बसल्या होत्या.

शेवटी त्यांनी खाली बंदरावरच्या कारकुनाला फोन लावला. त्याने सांगितलेला आकडा कितीतरी कमी होता.

"तुमचं यंत्र बिघडलंय का हो?"

"जुनं आहे बाई, पण अजून खोटं बोलत नाही."

बाईंनी सकाळची नोंद पुन्हा काढून पाहिली. केंद्र टेकडीवर. उंचावर हवेचा दाब कमीच भरतो, म्हणून समुद्रसपाटीचा आकडा काढताना त्यात टेकडीची भर घालावी लागते. इतकी वर्षं ती भर बाई हाताने घालत आल्या. काल संध्याकाळी बसवलेलं नवं यंत्र ती स्वतःच घालत होतं, आणि आज सकाळी बाईंनी सवयीने पुन्हा घातली. घटलेला दाब तिच्याखाली झाकून गेला.

इशारा द्यायला साहेबांची परवानगी लागे आणि साहेब बैठकीत होते. बाई थांबल्या नाहीत. "धोक्याचा बावटा चढवा," त्या कारकुनाला म्हणाल्या, "साहेबांचं मी बघते."

मग त्यांनी वायरलेसवर होड्यांना हाका मारल्या. एकेक होडी परत फिरत असल्याचं कळवू लागली. नवऱ्याचा आवाज सगळ्यांत शेवटी आला.

"तुझ्या भरवशावर सगळ्यांच्या पुढे आलोय. पावसात काही दिसत नाही. वादळ आहे कुठे?"

पृथ्वी फिरते, त्यामुळे वारा कमी दाबाकडे सरळ जात नाही, त्याच्याभोवती गोल फिरतो. नव्या उमेदवारांना हे शिकवून बाईंचं तोंड दुखलं होतं. आता तोंडाला कोरड पडली होती.

"वाऱ्याकडे पाठ करून उभा राहा. डाव्या हाताला वादळ. तू उजवीकडे निघ."

पलीकडे खरखर वाढली होती. मग तो म्हणाला, "नक्की ना?"

लग्न झाल्यापासून त्याने हे कधी विचारलं नव्हतं. बाई उठल्या, उघड्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याकडे पाठ केली आणि स्वतःचा डावा हात लांब करून पाहिला.

"नक्की," त्या म्हणाल्या.

खरखरीतून इंजिनाचा आवाज बदललेला ऐकू आला. त्याने होडी वळवली होती.