खाणीला वळसा

रिकाम्या हातानं घरी परतणारी माणसं मोनिकाला आवडत नसत. खेळातली तर मुळीच नाहीत. मोबाईलवरच्या त्या ‘रानवस्ती’ खेळात माणसाला एक पिशवी मिळते, एक कुऱ्हाड मिळते आणि समोर अफाट रान. लाकूड, माती, बोरू, लोखंड, दगड, जे हवं ते गोळा करा आणि वस्ती उभारा. पण पिशवी लहान, दिवस त्याहून लहान, आणि अंधार पडला की लांडगे सुटतात. म्हणजे सगळा खेळ वाटेचा. हे ज्याला कळत नाही तो दिसेल ते झाड तोडत बसतो आणि लांडग्याच्या पोटात जातो.

मोनिकाला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. लोखंडाची टेकडी सगळ्यात लांब, म्हणून पिशवी रिकामी असताना आधी तिकडं जायचं. दगड सगळ्यात जड, म्हणून खाण परतीच्या वाटेवर, घर जवळ आल्यावर. उरलेल्या जागेत नदीकाठचं लाकूड. गेल्या वाटेनं परत यायचं नाही, गोल फेरा मारायचा. मधल्या वडाखाली एक पेटी ठेवायची, म्हणजे ओझं दोन टप्प्यांत आणता येतं. सकाळी ती तालुक्याच्या गावी, लोहाऱ्याला, कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायला जायची. तिथल्या पोरांना ती फाईल कुठं ठेवावी ते सांगे आणि दुपारी घरी येऊन सासूला दगड कुठून आणावा ते सांगे.

सासूला म्हणजे अयोध्याबाईंना. त्या खेळात शिरल्या त्या खोड काढायला. सुनेच्या खांद्यावरून डोकावायच्या आणि म्हणायच्या, ते झाड कशाला सोडलं, त्या ओढ्याला पाणी दिसतंय, तिथं माती असंल. चार दिवस हे ऐकून मोनिकानं नवऱ्याचा जुना मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, तुमीच या की आत. बाई आल्या. आल्या त्या पदर खोचूनच आल्या. पेटीत सामान लावायच्या ते डाळीचे डबे लावावेत तसं. रानात एक चुकलेलं कोकरू सापडलं तर ते घेऊन आल्या, त्याला कुंपण घातलं आणि रोज त्याला बोरू खायला घालू लागल्या. खेळात कोकराला खायला लागत नाही, हे मोनिकानं सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

दुपारच्या वेळी घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघी शेजारी शेजारी, माना खाली घालून, तासभर एक शब्द न बोलता बसायच्या. समोरच्या इरम्माला वाटे, सासूसुनेचं बिनसलं. तिनं तसं गल्लीत सांगूनही टाकलं. खरं तर वर्षभरात मोनिकाचं त्या घरात कुणाशी जमलं असेल तर ते अयोध्याबाईंशीच. घरात त्या सांगतील ते सून ऐके, आणि खेळात सून सांगेल ते त्या ऐकत. दगडाचं सोडून.

आणि घरात एक खोलीचं सोडून.

सास्तूरमधलं हे घर त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मिळालेलं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची शेड. बालाजी, म्हणजे मोनिकाचा नवरा, पुण्याला कंपनीत. पंधरा दिवसांनी यायचा तेव्हा दोघांचं अंथरूण स्वैपाकाच्या खोलीत, पिठाचा डबा आणि गॅसची टाकी यांच्यामध्ये. पहाटे सासरे श्रीमंतराव पाणी प्यायला यायचे. बिचारे खाकरत यायचे, पण यायचे. लग्नाला वर्ष झालं तरी नवऱ्याशी मनातलं बोलायचं तर मोनिकाला एसटी स्टँडपर्यंत त्याला सोडायला जावं लागे. आता बालाजीला उमरग्याला नोकरी मिळत होती, घरून जाऊन येऊन करता येईल अशी. त्याचं म्हणणं सरळ होतं. घरावर एक पक्की खोली बांधू, स्लॅबची. खोली झाली तर मी येतो, नाहीतर तू पुण्याला चल. मोनिकाला पुण्याला जायचं नव्हतं. तिला क्लास सोडायचा नव्हता, आणि कुणापुढं कबूल केलं नसतं, पण दुपारचा तो तासही सोडायचा नव्हता. तिला खोली हवी होती. मनापासून हवी होती.

श्रीमंतराव म्हणाले, अयोध्येला विचारा. अयोध्याबाई म्हणाल्या, पत्रे टाका. उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, हे बालाजीनं सांगितलं. बाई उठून तांदूळ निवडायला गेल्या. पुढच्या वेळी पुन्हा स्लॅब निघाला, पुन्हा तांदूळ निघाले. वर्षभराचे तांदूळ निवडून झाले, पण होकार काही निघाला नाही.

भूकंपाचं मोनिकाला ठाऊक नव्हतं असं नाही. ती याच जिल्ह्यातल्या वाशीची. तिकडंही घरं हलली होती, असं तिची आई सांगायची. सासू थंडी असो की पाऊस, शेडमध्येच झोपते, आत झोपत नाही, हे लग्नानंतर पहिल्याच रात्री तिला कळलं होतं. या गावात त्या वयाची बरीच माणसं तशी झोपतात, त्यात कुणी नवल करत नाही. पण घरात तो विषय कुणी काढत नसे. आणि खेळातल्या दगडाचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे मोनिकाच्या डोक्यातही आलं नाही. तिला वाटलं, बाईंना नकाशा कळत नाही.

कारण अयोध्याबाई दगड आणतच नव्हत्या. लोखंड आणत, माती आणत, लाकडाची तर रास लावत. पण परतताना खाणीपाशी आल्या की डावीकडं वळत आणि नदीच्या काठाकाठानं लांबचा फेरा मारून दिवस बुडता बुडता घरी पोचत. विचारलं की कारण तयार. कुदळ मोडली. पिशवी भरली. कोकरू एकटं होतं. मोनिकानं पुन्हा वाट समजावून दिली. कुदळी दोन दिल्या. वडाखालची पेटी हलवून अगदी खाणीच्या तोंडाशी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी बाईंनी पेटीतलं सामान तसंच राहू दिलं आणि काठानं आल्या. वाट काढण्यात मोनिकाला आपला हात कुणी धरणार नाही असं वाटायचं, पण सासूपुढं तिनं हात टेकले.

मग अवसेची रात्र आली. खेळात अवसेला लांडग्यांची टोळी येते, आणि टोळीपुढं लाकडाचं कुंपण टिकत नाही, दगडाचंच लागतं. यांच्या कुंपणाला दगड फक्त पूर्वेच्या बाजूनं होता, मोनिकानं एकटीनं आणलेला. टोळी पश्चिमेकडून घुसली. दोन घरं गेली, पेट्या फुटल्या, महिनाभराचं लोखंड गेलं. कोकरूही गेलं.

खेळ आहे, हे मोनिकाला कळत होतं. तरी तिचा तोल गेला. त्यात आदल्याच दिवशी बालाजीचा फोन येऊन गेला होता, की उमरग्याचे लोक महिनाअखेरीपर्यंतच थांबतील. दोन्हीचा राग एकाच जागी निघाला.

“आत्या, दगड काय चावतो का तुमाला?” ती म्हणाली. “सगळं घेऊन येता आन् तेवढाच ठेवून येता. तुमच्यामुळं गेलं सगळं.”

अयोध्याबाईंनी मोबाईल खाली ठेवला. सुनेकडं पाहिलंही नाही. आत गेल्या आणि तांदळाचं सूप घेऊन बसल्या. त्या सुपातल्या तांदळात निवडण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. आपण जास्त बोललो हे मोनिकाला लगेच कळलं. पण माफी मागायची तर कशाची, तेच तिला समजेना.

पुढचे काही दिवस ती एकटीच खेळली. वाट नव्यानं आखली, एका माणसापुरती. लोखंड सोडलं, लाकूड सोडलं. घर ते खाण, खाण ते घर, दिवसातून होतील तितके फेरे. इतकी वाईट वाट तिनं क्लासच्या पोरांनाही कधी आखू दिली नसती. जाताना पिशवी रिकामी आणि येताना इतकी जड की चाल निम्म्यावर. तिकडं इरम्मानं, आता तर दोघी एका जागी बसतही नाहीत, असं गल्लीला कळवलं. यावेळी मात्र तिचं खरं होतं.

एका दुपारी मोनिका खाणीत दगड फोडत असताना पडद्याच्या कडेला दुसरा माणूस दिसला. हातात कुदळ, आणि डावीकडं न वळता सरळ येणारा. मोनिकानं मान वर केली. अयोध्याबाई केव्हा येऊन शेजारी बसल्या ते तिला कळलंच नव्हतं. मोबाईल त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

“दगड एकटीनं उचलू न्हाय,” त्या म्हणाल्या.

त्यांचा माणूस खाणीच्या तोंडाशी येऊन थांबला. आत येईना. मोनिकानं या वेळी वाट समजावली नाही. तिच्या मनाला एवढं तरी समजलं, की आता बोलायची पाळी आपली नाही. मग अयोध्याबाई बोलल्या. मोबाईलकडं बघतच बोलल्या, रोजच्या आवाजात, दळण आणायचं राहिलं असं सांगावं तशा.

त्यांचं माहेरही याच गावचं. जुन्या गावातलं घर, दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं जाड सपाट छप्पर. त्या रात्री गणपती बोळवून पोरीपोरी गप्पा मारत बाहेर ओट्यावरच झोपल्या. आई आत झोपली. एकटी बाईमाणूस, म्हणून आतून कडी लावली. पहाटे जमीन हलली तेव्हा अयोध्या ओट्यावरून खाली फेकली गेली. तिला खरचटलंही नाही. उठून बघते तर गल्लीच नव्हती, नुसता धुरळा. दार मात्र जागच्या जागी उभं होतं, वरून आणि बाजूनं दगडांनी दाबलेलं.

“आई आतून बोलत हुती,” त्या म्हणाल्या. “म्हणाली, कडी निघंना गं. म्या दगडं काढाय लागले. एक काढला की दोन खाली यायचे. कुठून सुरू करावं तेच कळंना. आजूबाजूला कोण न्हाय, सगळे आपापल्या दारात उकरत हुते. दुपारपातूर बोलत हुती ती. मला म्हणाली, पाणी पी जरा.”

मोनिकाला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. एवढ्या दिवसांत आपण या बाईला दगड आधी कुठला उचलायचा ते शिकवत होतो, या विचारानं तिला स्वतःची लाज वाटली. आत्या, माझं चुकलं, एवढं ती त्यांचा हात धरून कशीबशी म्हणाली. अयोध्याबाईंनी तिचा हात बाजूला सारला. तुला कोण सांगितलं हुतं व्हय, म्हणाल्या, आन् आता रडत बसू नको, दिवस बुडाय लागलाय तिथं.

खरंच बुडत होता. पहिला लांडगा टेकाडावर दिसू लागला होता. मोनिकानं भराभर दगड भरले आणि अयोध्याबाईंनी खाणीच्या तोंडाशी उभं राहून लांडग्याला हाकललं. त्यांनी स्वतः एक दगडही उचलला नाही. मग दोघी सरळ वाटेनं घरी आल्या. महिनाभरात पहिल्यांदाच उजेड असताना पोचल्या.

संध्याकाळी मोनिकानं मनाशी ठरवून टाकलं. बालाजीला सांगायचं, पत्रेच टाकू. भाजलो तर भाजलो. आणि नसेल जमत तर पुण्याला जाऊ, पण या बाईपुढं स्लॅबचं नाव पुन्हा काढायचं नाही. तिनं फोन हातात घेतला तेवढ्यात अयोध्याबाई शेगडीवरचं दूध उतरवून तिच्यापाशी आल्या. त्या बराच वेळ काहीतरी जुळवत असाव्यात, कारण बोलल्या त्या एका दमात.

“बांधा म्हणावं स्लॅबची. त्यो येतो म्हणतोय तर येऊ द्या. म्या काय वर येऊन झोपणार न्हाय, म्या हितंच बरी. पर एक ऐकायचं. त्या दाराला आतून कडी लावायची न्हाय.”

मोनिकाला खोली हवी होती ती कशासाठी, हे या बाईला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. बोलताना त्यांची मान खाली गेली होती ती त्यामुळंच. सुनेला असं काही सांगायला लागावं याची त्यांना शरम वाटत होती, आणि तरी त्या सांगत होत्या. मोनिकाला क्षणभर वाईट वाटलं. वर्षभर जिची वाट पाहिली ती खोली हातात आली होती, आणि तिचं दार कायम नुसतं लोटलेलं राहणार होतं.

“न्हाय लावणार,” ती म्हणाली.

अयोध्याबाई दुधाकडं परत गेल्या. मोनिका अंगणात आली आणि तिनं बालाजीला फोन लावला. खोलीला होकार मिळाला हे ऐकून तो इतका खूश झाला, की गवंडी कोण, वाळू कुठली, जिना कुठल्या बाजूनं, हे सगळं एका श्वासात बोलत सुटला. मोनिकानं त्याला थांबवून कडीचं सांगितलं. पलीकडं तो हसला. त्याला वाटलं ही चेष्टा करतेय. म्हणाला, अगं, नव्या नवरा-बायकोच्या खोलीला कडी नाही, तर मग खोली बांधायची कशाला?

“झोपायला,” मोनिका म्हणाली. “आन् रात्री काय झालं, तर आत्याला आत येता आलं पायजे.”