आधी सत्कार, मग सायकल

खुशालरावांच्या हाती माईक आला की त्यांच्या जिभेला लगाम राहत नाही, हे अमरावतीतल्या यच्चयावत मंगल कार्यालयांना ठाऊक होतं. पुतणीच्या लग्नात ऐन पंगतीत त्यांनी तो घेतला आणि जाहीर करून टाकलं, की मेळघाटातल्या सिकलसेलच्या आजारी लेकरांच्या मदतीसाठी अकोल्यापर्यंत जी सायकल राइड निघणार आहे, तिच्यात आमची सूनबाई जाणार! सूनबाईला, म्हणजे प्राजक्ताला, ही बातमी तिथेच गुलाबजाम वाढताना कळली. माईकवर दिलेला शब्द खुशालरावांनी जन्मात कधी मागे घेतला नव्हता. म्हणजे संपलंच.

सायकल तिच्याकडे होती, हे खरं. शाळेच्या पगारातून मोठ्या हौसेनं घेतलेली. पण ती जिन्याखाली जुन्या चादरीखाली धूळ खात होती. कारण "घरच्या सुनेनं पहाटी पहाटी रस्त्यानं सायकल फिरवनं बरं दिसते का?" हा सवालही खुशालरावांचाच. उजाडलं की सगळ्यांचे डबे, मग शाळा. राइडची सक्ती आणि सरावाची बंदी एकाच तोंडातून आलेली, आणि त्या तोंडाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

भरीत भर, निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बजावलं, "गाडीत बसून आली, त सायकल भाच्याले देऊन टाकू. उगाच जागा अडवून राहिली." तेवढी एकच वस्तू त्या घरात तिची स्वतःची होती. ती रात्रभर कूस बदलत राहिली.

राइड निघाली. बाकीचे सायकलवाले भराभर पुढे गेले. प्राजक्ताच्या मागे खुशालरावांची जीप, जीपवर भोंगा, आणि पुढे गावोगावचे नातेवाईक हार घेऊन उभे. बडनेऱ्याला हार आणि आलुबोंडे. कुरूमला हार, पेढे, वर ताक. आधी राइड पूर्ण होऊ द्यावी, मग सत्कार करावा, हे कुणाच्या डोक्यातच येईना. एकदा हार घातला की माणसानं मागे फिरायचं कसं? प्रत्येक गावात तिचा परतीचा रस्ता असा फुलांनी बंद होत गेला.

मूर्तिजापूरला तिच्या मांड्या दगडासारख्या झाल्या. पाय टेकला तर तो सरळच होईना. सासऱ्यांच्या चुलतभावानं फुगे लावलेल्या कमानीखाली तिच्या खांद्यांवर शाल पांघरली, तेव्हा तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"मामाजी, माह्यानं नाही होत," ती हळूच म्हणाली. "मले जीपमंदी बसू द्या."

"आता कसं बसतं बापा?" खुशालराव लोकांकडे पाहून हसत पुटपुटले. "हार पडला ना गळ्यात!"

तिला त्या क्षणी सासऱ्यांचा असा संताप आला, की त्या संतापावरच पुढचं अंतर निघालं. दोन्ही बाजूंना कपाशी, समोरून वारा, अंगावर येणारे ट्रक आणि मागे भोंग्यात आपलंच नाव. बोरगाव मंजूच्या पुढे जीप चहासाठी मागे राहिली, तेव्हा दमलेल्या सायकलवाल्यांना उचलणाऱ्या टेम्पोतला सहदेव म्हणाला, "ताई, चढा. कोनाले सांगत नाही." तिनं टेम्पोच्या कडीला हात घातलाही. मग तिच्या डोळ्यांसमोर सासऱ्यांचा भाचा तिच्या सायकलवर टांग टाकताना उभा राहिला, आणि तिनं हात काढून घेतला. चढ आला की उतरायचं, ढकलायचं, परत बसायचं.

अकोल्याला पोचली तेव्हा सगळ्यात शेवटची होती. मंडपात तिला खुर्चीवर बसवलं. तोवर खुशालरावांनी माईक घेतलाच. "पुढच्या वर्षी आमची सूनबाई चिखलदऱ्याचा घाट चढनार!"

टाळ्या पडल्या. प्राजक्तानं मनाशी हिशेब केला. म्हणजे आता दरवर्षी हेच. आणि मग तिला वाटलं, माईक काही यांच्या एकट्याच्या मालकीचा नाही. ती खुर्चीचा आधार घेत उठली आणि तिनं तो मागून घेतला.

"घाट चढायचा तर सराव हवा," ती म्हणाली. "म्हणून परवापासून रोज पहाटे मी सायकल घेऊन निघणार. सकाळचे डबे मामाजी करणार आहेत."

मंडप टाळ्यांनी दणाणला. आयोजकांपैकी कुणीतरी उत्साहानं धावत आलं आणि उरलेला एक भलामोठा हार खुशालरावांच्या गळ्यात घातला.

खुशालराव तोंडावरचं हसू न हलवता तिच्या कानाशी वाकले. "हे काय वं? पोया काय मी लाटू?"

"आता कसं नाही म्हनता मामाजी?" प्राजक्ता म्हणाली. "हार पडला ना गळ्यात."