नवव्या दोराचा सांधा

क्लिफर्ड एन्टविसलच्या घरामागच्या शेडमध्ये अकरा वर्षं एक इंजिन वाढत होतं. आधी इंजिनाच्या बैठकीचा पाट आला, मग चाक, मग दोन सिलिंडर, मग पितळेच्या बारक्या तेलकुप्या. लेकरू वाढावं तसं, पण लेकरापेक्षा सावकाश. थ्रॉसल बँक या कापडगिरणीचं वाफेचं इंजिन ते. खरं होतं तेव्हा चाळीस फूट लांब होतं आणि चौदा जाड दोरांनी अख्खी गिरणी ओढत होतं. क्लिफर्डने त्याला तीस वर्षं तेल पाजलं. गिरणी बंद पडली, इंजिन भंगारात गेलं, आणि क्लिफर्डने त्याला सोळाव्या हिश्शाने पुन्हा जन्माला घातलं.

आता ते पुरं झालं होतं. सोमवारी संग्रहालयाची गाडी येणार होती. एकदा काचेत बसलं की पुन्हा वाफ नाही, तेल नाही, कुणाचा हात नाही. त्याआधी क्लिफर्डला एकच वाक्य हवं होतं. एडनाने बघावं आणि म्हणावं, "हो, हेच ते."

ते इंजिन ओळखणारी बाकी माणसं एकेक करून टेकडीवरच्या चर्चमागे जाऊन निजली होती. उरली होती ती त्याची बायको. थ्रॉसल बँक गिरणीत तिने अठ्ठावीस वर्षं चार-चार माग चालवले, आणि मागांनी त्या बदल्यात तिचे कान घेतले. अकरा वर्षांत ती शेडचा उंबरा चढली नव्हती.

"मला काय ऐकू येणार तिथं?" ती म्हणायची. "सवतीचं तोंड बघायला बोलावतोस होय?"

शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरात गेला. ती बटाटा भरून भाजायच्या पेस्ट्रीची पारी लाटत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि आवाज न काढता ओठ हलवू लागला. मागांच्या गदारोळात विणकरणी अशाच बोलायच्या, नुसत्या ओठांनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. क्लिफर्ड ती बोली तिच्यासाठी शिकला होता. पहिलंच वाक्य चुकलं तेव्हा मागांची अख्खी रांग पोट धरून हसली होती.

"आज वाफ धरतो. ये."

"पेस्ट्री भट्टीत घालायचीय."

"एडना. सोमवारी नेतात तुझ्या सवतीला."

तिने त्याच्या ओठांवरून नजर वर नेली, डोळ्यांत पाहिलं, आणि हाताचं पीठ एप्रनला पुसलं. मग जिन्याखालच्या कपाटात वाकून तिने काहीतरी काढलं, एप्रनखाली धरलं आणि त्याच्यामागून शेडमध्ये आली.

इंजिन अडीच फूट लांब होतं. हिरवा रंग, पितळेचे कठडे, दोन्ही सिलिंडरांवर मालकाच्या लेकींची नावं: मॉड आणि कॉन्स्टन्स.

"या दोघींना मिरवलंस," एडना म्हणाली. कान गेल्यापासून तिचा आवाज उगाच मोठा झाला होता. "तीस वर्षं यांच्या अंगाला तेल चोळलंस. माझे गुडघे कधी चोळलेस का रे?"

"तू कधी चालू स्थितीत सापडलीस?"

"मेल्या!"

क्लिफर्डने झडप उघडली. वाफ आली, दट्ट्या हलला, चाक आळस देऊन उठलं. सुतळीएवढे चौदा दोर खाचांतून वाहू लागले. एक धाप, एक धाप, कुठे खरखर नाही की अडखळ नाही. त्याचा हात झडपेवर होता आणि डोळे तिच्यावर.

एडनाने एप्रनखालचं काढलं. तिची लाकडी तळव्याची, वरून चामड्याची जुनी खडाव होती, गिरणीत घालायची. तिने हात पायासारखा खडावेत घातला, खडाव पाटावर टेकवली आणि डोळे मिटले.

क्लिफर्ड वाट पाहत राहिला. चाकाने पन्नास फेरे घेतले, साठ घेतले.

तिने डोळे उघडले. "देखणी आहे," ती म्हणाली. मग पुढचं बोलताना तिचा आवाज कधी नव्हे तो हळू झाला. "पण ती नाही रे."

क्लिफर्ड तिच्यासमोर आला. "मूळ नकाशावरून केलंय. इंच न् इंच मोजून!"

"असेल. पण ती दर तीन फेऱ्यांनी ठेचकाळायची. फरशीतून टाचेला कळायचं. ठक्. ही कुठं ठेचकाळतेय?"

तो खाली बसला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याचे ओठ हलले.

"नववा दोर."

तो एकवीस वर्षांचा होता तेव्हा. जत्रेच्या सुट्टीचा आठवडा, गिरणी बंद, सारं गाव ब्लॅकपूलच्या समुद्राकडे निघालेलं. नवव्या दोराचा सांधा गुंफायचं काम त्याच्या गळ्यात, आणि दहाच्या गाडीत एडना. सांधा घाईत गुंफला. जाडजूड झाला, चाकावरून जाताना ठोका द्यायचा. इंजिनघरात बाकीच्या आवाजांत तो बुडून जायचा. क्लिफर्डने कुणाला सांगितलं नाही, आणि जिवाचा आटापिटा करून तीस वर्षं तो दोर बदलू दिला नाही, कारण बदलणाऱ्याने सांधा पाहिला असता. या इंजिनात मात्र त्याने नववा दोर असा गुंफला होता की बोट फिरवलं तरी सांधा सापडू नये.

"मला वाटलं, कुणालाच ठाऊक नाही."

"कुणालाच?" एडना इतकी हसली की खडाव हातातून निसटली. "अरे, दोनशे बायकांना ठाऊक होतं! तू धावत गाडी गाठलीस आणि सुट्टीनंतर ठेच सुरू झाली. तुझ्या घाईचं गाणं होतं आमचं." आणि तिने ते ओठांनीच म्हटलं, आवाजाशिवाय, जसं तेव्हा मागांवरून फिरायचं:

*पहिला फेरा मॉडचा गं, दुसरा कॉन्स्टन्सचा,*
*तिसऱ्याला ठेच लागे, तो आमच्या एडनाचा.*

"दिवस सरता सरत नसला," ती म्हणाली, "की मी तो ठोका मोजायचे. म्हणायचे, आहे गं बाई, तो तिकडं भिंतीपलीकडं आहे."

क्लिफर्डने झडप बंद केली. चाक थांबलं. त्याने चिमट्याने नववा दोर उतरवला, सांध्यापाशी कापला आणि पीळ मोकळे केले. आता मुद्दाम वाईट गुंफायचं होतं. पण एकोणऐंशीच्या हातांना मुद्दाम काही करावंच लागलं नाही. सांधा आपसूकच गाठाळ झाला.

"संग्रहालयवाले म्हणतील, हे काय," तो पुटपुटला.

"म्हणू देत. काचेबाहेरून त्यांना काय कळतंय."

पुन्हा वाफ. एडनाने खडाव उचलून हातात घातली आणि पाटावर टेकवली. मॉड, कॉन्स्टन्स, आणि तिसऱ्या फेऱ्याला पाट किंचित शहारला. ठोका खडावेतून एडनाच्या हाताला लागला. दुसरा हात तिने न बघता पुढे केला आणि झडपेवरच्या त्याच्या हातावर ठेवला.

तिचे नुसते ओठ हलले. क्लिफर्डने त्यांवर हवं होतं तेच वाक्य वाचलं, आणि या खेपेला एकही शब्द चुकला नाही.

स्वयंपाकघरात पारी तशीच वाळत पडली होती.