माणची जोडणी

पिरंगुटला जयसिंग शेटांच्या नट-बोल्टच्या कारखान्यात कॉम्प्युटर म्हटला की दयानंद, असं आठ वर्षं चालत आलं होतं. २००७ साली शेटांनी माणला गोदाम भाड्यानं घेतलं. तिथल्या मेधानं बिलं थेट पिरंगुटच्या मुख्य कॉम्प्युटरवर करावीत म्हणून दयानंदनं रिमोट डेस्कटॉप बसवून दिला. बसायचं माणला, काम उमटायचं पिरंगुटला. पण जोडणी टिकेना. बिल अर्ध्यावर आलं की तुटलीच. दयानंदनं वायर बदलली, मोडेम बदलला, टेलिफोन ऑफिसात हेलपाटे घातले. फरक शून्य.

शेवटी मेधानं गोदामाशेजारच्या भाडेकरूला हाक मारली. ऋषिकेश मूळचा लातूरचा, आयटी पार्कात रात्रपाळीला. त्यानं कॉम्प्युटरला हातच लावला नाही. भिंतीवरची तार बघत बघत तो घरमालक हैबतरावांच्या माजघरात पोचला. हैबतरावांनी गोदामाच्या लाइनीवरून स्वतःच्या घरात एक फोन ओढून घेतला होता. जागा आमची तर लाइनही आमचीच, असा त्यांचा साधा हिशेब. तो फोन वाजला की इकडं जोडणी तुटायची. ऋषिकेशनं त्या फोनला एक छोटी डबी लावली, फोनचा आवाज इंटरनेटच्या लाइनीत मिसळू न देणारी. ना भांडण, ना तंटा.

"लई डोक्याचं पोरगं हाय," शेट म्हणाले. "दयानंद, आता कॉम्प्युटरचं समदं त्यालाच देऊ म्हणतो. तुझा तेवढाच ताप कमी."

दयानंद हसला, आत त्याचा तिळपापड झाला. परवापर्यंत 'दादा, तुम्हीच या' म्हणणारी मेधाही आता फोनवर ऋषिकेशचंच पुराण लावी. बोटभर डबीनं कुठं असले रोग जातात, असं म्हणत तो आपल्या टेबलाशी बसला. मुख्य कॉम्प्युटर शेटांच्या केबिनमध्ये. आजवर त्याला टेबलावरून तिथं जोडून बघायची गरज पडली नव्हती. आता खोट मुख्य कॉम्प्युटरमध्येच सापडते का, म्हणून त्यानं जोडून पाहिलं. जोडणी लगेच लागली. तो खट्टू झाला.

तेवढ्यात मेधाचा फोन आला, की पुन्हा गेलं. दयानंदच्या जिवाला थंडावा मिळाला. मग ते रोजचंच झालं. तो जोडून बघायचा, पाठोपाठ मेधाची तक्रार यायची, आणि तो ती सहज म्हणून शेटांच्या कानावर घालायचा.

एक दिवस मेधा वैतागली. "दादा, गेलं. अन् ती इंग्रजी पाटी पण आली."

"कसली पाटी?"

"दर वेळी येते की. या कॉम्प्युटरला दुसऱ्या कुणीतरी जोडून घेतलंय, म्हणून तुम्हाला बाहेर काढलं, असलं काहीतरी. मी ओके दाबून मोकळी होते."

दयानंदचा हात माउसवरच राहिला. ती साधी सिस्टिम, एका वेळी एकालाच आत घेणारी. नवा आला की जुना बाहेर. दोघांना एकच नाव आणि एकच पासवर्ड त्यानंच दिला होता. डबी ठणठणीत होती. तोडत होता तो स्वतः.

सांगावं म्हणून तो केबिनमध्ये गेला. शेटांनी त्याला बोलूच दिलं नाही. "त्या पोराचं काय खरं न्हाई. तूच बघ बाबा आपलं."

ज्यासाठी जीव तळमळत होता ते शब्द समोर आले होते. "बघतो," दयानंद म्हणाला.

त्यानं काहीच केलं नाही. फक्त जोडून बघणं सोडलं. माणची जोडणी पुन्हा तुटली नाही, आणि शेट येईल-जाईल त्याला दयानंदचं कौतुक ऐकवू लागले.

आठवड्यानं रात्रपाळी उतरून ऋषिकेश थेट कारखान्यात आला. "सर, माझ्या डबीनं भागलं नाही म्हणे. तुम्ही नेमकं काय केलंत? मला ते कळलंच नाही. सांगाल?"

दयानंदनं दोन सेटिंगं बदलल्याचं ठोकून दिलं. ऋषिकेश मन लावून ऐकत होता. "हे मला माहीतच नव्हतं," तो शेटांच्या देखत म्हणाला, पाणी मागावं इतक्या सहज.

आठ वर्षांत हे वाक्य दयानंदच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. शेटांनी चहा मागवला आणि दयानंदच्या पाठीवर थाप मारली. दयानंद मात्र ऋषिकेशकडे बघत होता. तो पोरगा त्याला आधीपेक्षाही जास्त सलत होता.