उन्हाची बाजू

“देवानं ऐकलं हो, यतीन! सकाळी त्या डोंगरावरचा वेबकॅम बघितला. ढगाचं नाव नाही. लख्ख ऊन!”

न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावच्या हॉलमध्ये सुलेखाताई नऊवारीचा पदर खोचत होत्या. चारला कीर्तनाला उभं राहायचं होतं. सतरंजीवर पन्नासेक माणसं जमली होती. पेटीवर ताईंचे यजमान शशिकांत, आणि पेटीच्या कडेला ताईंचा फोन. एरवी ताई अल्बनीत एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसतात. पेशंटची भीती घालवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. एकादशीला मात्र गळ्यात हार पडला की बाई वेगळीच दिसू लागते.

यतीन हसला नाही. ताईंच्या मुलीबरोबर, ओवीबरोबर, तो तीनदा डोंगरात गेला होता. ओवी अठ्ठावीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. आज ती साउथ आयलंडमधल्या एका शिखराच्या उत्तरेच्या भिंतीवर होती. एकटी, दोराच्या दुसऱ्या टोकाला कुणी नसताना.

“काकू, ऊन कशाला मागितलंत?”

“म्हणजे? नॉर्थ फेस ना तो! मनालीला बघितलंय मी, उत्तरेच्या अंगाला भरदुपारी दात वाजतात. म्हटलं, पोरीला जरा ऊब मिळू दे. तीन दिवस नामस्मरण केलं त्यासाठी.”

“ते तिकडे, काकू. इथं सूर्य उत्तरेकडून जातो. उत्तरेची बाजू म्हणजे उन्हाची बाजू. ऊन लागलं की बर्फ सैल होतो, त्यात धरलेले दगड सुटतात. म्हणून तर रात्री दोनला निघायचं आणि ऊन यायच्या आत वर पोचायचं. निघाली ना दोनला?”

ताईंनी फोन उचलला. सकाळी पावणेसातला ओवीच्या सॅटेलाइट यंत्रावरून आलेला मेसेज त्यांनी त्याच्यापुढे धरला. ‘वारा होता. लेट निघाले, डीप स्नो. अजून खालीच. ऑल गुड.’ त्यानंतर काही नव्हतं.

यतीननं मेसेज दोनदा वाचला आणि फोन परत दिला. “येईल मेसेज,” एवढंच म्हणाला.

बारा वर्षं झाली होती ह्या देशात. घर घेताना ताईंनीच हट्टानं उत्तरेचं घेतलं होतं. उत्तरेच्या डेकवर त्यांचे पोह्याचे पापड दोन दिवसांत खडखडीत वाळतात, हे त्या येईल त्याला सांगत. पण डोंगर म्हटला की मनात मनालीच. त्यांनी देवाकडे चुकीचं मागितलं होतं, आणि देवानं दिलं होतं.

“सुलेखा, चार वाजले,” शशिकांत म्हणाले. काशिनाथकाकांनी हार घातला. पुकेकोहेत चाळीस वर्षं भाजी पिकवलेले हे आजोबा. ते ताईंच्या पाया पडले तशा ताई दर वेळेसारख्या संकोचल्या, आणि गादीवर उभ्या राहिल्या.

पूर्वरंग त्यांनी सवयीनं पार पाडला. टाळ चुकले नाहीत. डोळे मात्र पेटीकडे जात होते.

ओवीच्या खोलीत एक कागद चिकटवलेला होता. युरोपातल्या उत्तरेच्या भिंती एकट्यानं, त्याही हिवाळ्यात, चढून गेलेल्या बायकांची यादी. “बाई गं, एकटीच कशाला? जोडीला कुणी घे,” ताई म्हणाल्या होत्या.

“डोंगरातल्या हटमधले अंकल पण हेच विचारतात. हू आर यू विथ? मी म्हणते, मी. आई, तू उभी राहतेस तेव्हा तुझ्याबरोबर कोण असतं गं?”

“माझ्या पायाखाली गादी असते, बये!”

दोघी खूप हसल्या होत्या. मग ओवीनं गंभीरपणे बजावलं होतं, “पाचपर्यंत मेसेज नाही आला, तर पोलीस. पाचच्या आधी नाही. लास्ट टाइम तू वीस मिनिटं आधी फोन केलास, हेलिकॉप्टर आलं आणि मी हटमध्ये सूप पीत होते. आय वॉज सो एम्बॅरस्ड. पण पाचनंतर एक मिनिटही थांबू नकोस. प्रॉमिस?”

उत्तररंग सुरू झाला. आख्यान साधंच होतं. बापाच्या मांडीवरून उतरवलेलं पाच वर्षांचं पोर एकटंच रानात निघतं, आणि आई त्याला जाऊ देते. ताईंनी हे आख्यान कितीदा तरी लावलं असेल. पोर रानात शिरलं की त्यांची वाणीही त्याच्यामागे जायची. तपाचं वर्णन, थंडीवारा, मग दर्शन. आज त्या उंबऱ्याशीच थांबल्या.

“पोर गेलं, मंडळी. आणि ती माउली? तिनं दिवस कसा काढला? पाणी भरलं, चूल पेटवली, की नुसती दाराशी बसून राहिली?” त्यांचा आवाज खाली आला. “मी इतकी वर्षं हे सांगते. मी तिच्याकडे कधी बघितलंच नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. फोनचा पडदा काळाच होता.

ताईंनी शशिकांतांकडे पाहिलं. त्यांनी पेटीचा सूर न सोडता नकारार्थी मान हलवली. “आरती होऊ दे,” ते पुटपुटले. “दहा मिनिटांनी काय होतंय? गेल्या वेळेसारखं झालं म्हणजे?”

कीर्तनकारानं आरतीआधी गादी सोडायची नसते. वडील गेल्याचा निरोप आला, तेव्हाही ताईंनी आख्यान पुरं केलं होतं आणि मगच रडल्या होत्या. कीर्तन शिकवणाऱ्या पुण्याच्या गुरुजींनी त्याचं कौतुक केलं होतं. ते आठवून त्यांना प्रत्येक वेळी बरं वाटायचं.

त्यांनी स्वतःच्या हातानं हार काढून गादीवर ठेवला. टाळ ठेवले. “क्षमा करा,” त्या म्हणाल्या. फोन उचलून त्या सतरंजीवरून, माणसांच्या मधून, बाहेर गेल्या. पेटीचा सूर जरा वेळ तसाच वाजत राहिला, मग थांबला. कुणी उठलं नाही.

पार्किंगमध्ये त्या अनवाणी उभ्या होत्या. जानेवारीचं डांबर तापलेलं होतं. पोलिसांच्या फोनवरची बाई शांतपणे विचारत होती आणि ताई दवाखान्यात देतात तशी स्पष्ट उत्तरं देत होत्या. नाव. वय. नारिंगी जाकीट. शेवटचा मेसेज पावणेसात.

“आणि तिच्याबरोबर कोण आहे?”

“कुणी नाही. ती एकटी चढते. तिला येतं चांगलं.”

मागून काशिनाथकाका आले. दारातल्या चपलांच्या ढिगातून त्यांनी कुणाच्या तरी रबरी जॅंडल उचलून आणल्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस हळूहळू वाकला, आणि त्या त्यांनी ताईंच्या पावलांपुढे, नीट सरळ करून ठेवल्या.

“होल्डवर राहा,” फोनमधली बाई म्हणाली. “मी हेलिकॉप्टरच्या पायलटशी बोलते.”

“राहते,” ताई म्हणाल्या. एक पाऊल त्यांनी जॅंडलमध्ये घातलं. दुसरं तसंच डांबरावर राहिलं.