टेकडीच्या अलीकडे दोन मुक्काम

सुनावणीचा तो तिसरा आणि अखेरचा दिवस होता. खाणीसाठी मुक्रर झालेल्या टेकडीशी आपला काय संबंध, हा एकच प्रश्न डोंगरातल्या लोकांना विचारला जात होता आणि उत्तरासाठी प्रत्येकी पाच मिनिटे नेमून दिलेली होती. ती भरली की साहेब टेबलावरची घंटी दाबीत. मग दुभाष्या, ज्याच्याकडे टंकलेखनाचेही काम होते, जबानीखाली ओळ उमटवी : 'वक्ता विषयाला धरून बोलला नाही.'

अशा छत्तीस ओळी त्याच्या हातून उमटल्या होत्या, आणि प्रत्येक ओळीगणिक त्याचे अंतःकरण तिळतिळ तुटत होते. कारण दुभाष्या स्वतः डोंगरातलाच होता. त्याच्या लोकांत चारचौघांसमोर तोंड उघडायचे तर आधी आपली वाट सांगावी लागते. आजीची आजी कुठल्या झऱ्यापासून निघाली, मुक्काम कुठे पडले, कुठल्या मुक्कामी कोणाला मातीआड केले, हे सारे सांगत सांगत माणूस मुद्द्याला पोहोचतो. जो एकदम मुद्द्यावर उडी घेतो, त्याचा शब्द तिथे खोटा धरतात. हे त्याने पहिल्याच दिवशी साहेबांच्या कानावर घातले होते. साहेब सौजन्याने म्हणाले होते, "समजलं. पण मला कादंबरी नको, उत्तर पाहिजे."

हेडक्लार्क तर हसतच सुटले होते. "तुमच्या लोकांना नुसतं 'हो' म्हणायलासुद्धा चार कोस लागतात की हो!"

आता एकच साक्ष उरली होती, त्याच्या आत्याची. तिच्या जबानीत टेकडीवरच्या पुरलेल्या माणसांचा उल्लेख आला, तरच खाणीचा निर्णय लांबणार होता. एरवी सारा खेळ खलास.

व्हरांड्यातल्या बाकावर त्याने तिचे हात धरले. "आत्या, आज वाट नको सांगूस. सरळ म्हण, आपली माणसं तिथं आहेत."

"चालल्याशिवाय पोचतं का कुणी?"

"अगं, ते घंटी वाजवतात."

"वाजवू देत. गुराच्या गळ्यात घंटा वाजते म्हणून ते थांबतं होय रे?"

आत जाऊन ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली आणि आपल्या बोलीत शांतपणे बोलू लागली. झरा आला, वाकडा कडा आला, साथीत गेलेली दोन भावंडे आली. टेकडीच्या अलीकडे दोन मुक्काम राहिले असताना घंटी वाजली.

"काय म्हणाल्या?" साहेबांनी विचारले.

दुभाष्याची बोटे क्षणभर थबकली. आणि मग, नोकरीच्या अकरा वर्षांत जे केले नव्हते, ते त्याने केले. त्याने टंकित केले : 'सदर टेकडीवर आमच्या सात पिढ्यांची माणसे पुरलेली आहेत. ती जागा खोदू नये.'

साहेबांनी कागद वाचला. ते प्रथमच खुर्चीत सावरून बसले. "हे महत्त्वाचं आहे. त्यांना वाचून दाखवा आणि अंगठा घ्या."

दुभाष्याने आपल्या बोलीत वाचून दाखविले. आत्याला काय, तिला हेच तर सांगायचे होते, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. पण शाईच्या पॅडपर्यंत आलेला हात आत्याने मागे घेतला आणि ती पुतण्याकडे पाहू लागली. तिच्या मुद्रेवर क्रोध नव्हता, असलीच तर लाज होती.

"मी अजून तिथं पोचले नाही, बाळा. न पोचता बोलले, तर तिथली माणसं मला काय म्हणतील?"

"काय म्हणतात त्या?" साहेबांनी पृच्छा केली.

'हात दुखतो म्हणते,' एवढे म्हटले असते तरी वेळ निभावली असती. परंतु आत्या त्याच्या ओठांकडे पाहत होती. जिने आईमागे त्याला वाढविले, तिचे बोलणे तिच्याच देखत फिरविण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

"त्या म्हणतात, हे मी बोलले नाही."

"मग कोण बोललं?"

"मी, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांनाही ते रुचले नसावे. तथापि त्यांनी मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली नेहमीची ओळ स्वतःच्या हाताने लिहिली.

बाहेर आत्या पुन्हा बाकावर बसली आणि जिथे खंड पडला होता तिथूनच तिने पुढे सुरू केले. तो तिच्या पायांशी बसून ऐकत राहिला. एक मुक्काम झाला, दुसरा झाला. मग टेकडी आली, आणि टेकडीवरचे एकेक माणूस, कोणाचे डोके कुठल्या दिशेला आहे, कोणाच्या उशाला कुठले झाड आहे, हे सारे आले. मध्येच साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली. त्याने मान वर केली नाही.

"पोचले," आत्या म्हणाली. तिने पदराला अंगठा स्वच्छ पुसला आणि ती उठली. "चल, आता देते."

दारापाशी शिपाई कुलूप लावीत होता. "आजीबाई, संपलं आता," तो म्हणाला.

तो काय म्हणाला ते न कळून ती पुतण्याकडे वळली. दुभाष्याने ते वाक्य जसेच्या तसे तिला तिच्या बोलीत सांगितले.